कर्किन ओ' द टार्टन

स्कॉटिश वंशाचा वारसा जपणाऱ्या, मुख्यतः अमेरिका व कॅनडातील प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडमध्ये रुजलेल्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) मंडळ्यांचा वार्षिक उपासनाविधी. 'कर्क' म्हणजे स्कॉट बोलीत चर्च. मुंबईत काळा घोड्याजवळचे सेंट अँड्र्यूज चर्च 'स्कॉट्स कर्क' म्हणवले जाई, ते याच शब्दावरून. टार्टन म्हणजे चौकड्यांचे लोकरी कापड; रंग आणि रेघांच्या मांडणीवरून ते कोणत्या घराण्याचे, हे ओळखतात. हे कापड चर्चमध्ये आणून आशीर्वाद मागायचा, असा नावाचा अर्थ.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत बंडखोर हायलँडर (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक) हरले. त्यानंतरच्या कायद्याने तिथल्या पुरुषांना व मुलांना किल्ट (गुडघ्यापर्यंतचे चुणीदार वस्त्र) आणि टार्टन घालायला मनाई झाली. सैन्यातल्यांना तेवढी सूट होती. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. १७८२ मध्ये हा कायदा रद्द झाला. त्या काळात लोक कपड्यांखाली टार्टनचा तुकडा लपवून चर्चला येत आणि पाळकाने आशीर्वाद देताच त्याला हळूच हात लावत, असे सांगतात. याला समकालीन पुरावा नाही. पण आख्यायिका खरी नसली तरी तिच्यातले दुःख खरे आहे: ज्याचे कापडसुद्धा गुन्हा ठरवले, त्याच्या पणतवंडांना ती कथा आपली वाटणारच.

विधी मात्र अमेरिकेत जन्मला. स्कॉटलंडमधील कोटब्रिजला जन्मलेले (१९०२) पीटर मार्शल वॉशिंग्टनच्या न्यूयॉर्क ॲव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक होते. पुढे ते सिनेटचेही धर्मगुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील युद्धग्रस्तांसाठी मदत उभी करताना त्यांनी ही उपासना रूढ केली. संत अँड्र्यू दिन (३० नोव्हेंबर), टार्टन दिन (६ एप्रिल) किंवा ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, यांच्या आसपास ती होते.

बॅगपाइपवादक दारातून आत येतो तेव्हा आधी पिशवीच्या खर्जाच्या नळ्यांचा अखंड घुमारा उठतो, मग त्यावर सूर चढतो. बंद दालनात तो छातीत जाणवतो. त्याच्यामागे घराण्यांची निशाणे येतात. एकेका घराण्याचे नाव पुकारले जाते, त्या घरचे लोक उभे राहतात. आशीर्वादाच्या वेळी कोणी किल्टची कड धरतो, कोणी टाय, तर कोणी आजीच्या शालीचा बोटभर तुकडा. जुन्या स्कॉटिश कर्कमध्ये वाद्य म्हणून वाजत नसे, केवळ कंठाने स्तोत्रे गात. तिथे ऑर्गनलाही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वाट पाहावी लागली. आज त्याच परंपरेतल्या चर्चमध्ये पाइप घुमतो, तो परमुलखात रुजलेल्यांच्या ओढीमुळे.

उपासनेनंतर बऱ्याच ठिकाणी चहा, शॉर्टब्रेड आणि हॅगिस (मेंढीचे हृदय, यकृत, फुप्फुस व ओट यांचा शिजवलेला पदार्थ) असते. मेंढीचे फुप्फुस खाद्यात वापरायला अमेरिकेत १९७१ पासून बंदी असल्याने तिथले हॅगिस त्याशिवायच शिजते.