दमा नियंत्रणाचे राष्ट्रीय धोरण (मराठवाड्याच्या संदर्भात)

दम्यात श्वासनलिकांना आतून दीर्घकाळ सूज राहते आणि त्या वारंवार आकसतात. छातीत घरघर होते, धाप लागते, पहाटे खोकल्याची उबळ येते. हा विकार समूळ बरा होत नसला, तरी बहुतेक रुग्णांत पूर्ण ताब्यात ठेवता येतो. दम्याचे झटके, रुग्णालयात दाखल होण्याची वेळ, शाळेचे व मजुरीचे बुडणारे दिवस आणि टाळता येण्याजोगे मृत्यू कमी करण्यासाठी देश जी आखणी करतो, ते दमा नियंत्रणाचे राष्ट्रीय धोरण होय.

२०१९ च्या जागतिक रोगभार अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत. जगातल्या दमेकऱ्यांपैकी हे साधारण १३ टक्के, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक. धोरणाचा खरा विषय ही तफावत आहे. औषध उपलब्ध आहे. ते रोज, न चुकता छातीत उतरत नाही.

या बाबतीत फिनलंडचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे १९९४ ते २००४ या काळात राष्ट्रीय दमा कार्यक्रम राबवला गेला. निदान लवकर करायचे, सूज कमी करणारे औषध पहिल्यापासून द्यायचे आणि रुग्णाला स्वतःचा दमा सांभाळायला शिकवायचे, ही त्याची त्रिसूत्री होती. गावपातळीवरचे डॉक्टर, परिचारिका आणि औषध दुकानदार एका जाळ्यात बांधले गेले. दहा वर्षांत दम्यासाठी रुग्णालयात काढाव्या लागणाऱ्या दिवसांची संख्या निम्म्याहून खाली आली.

मराठवाड्यात अडचण नेमकी याच जागी आहे. सोयाबीनची मळणी सुरू झाली, की रात्री छाती भरते. माणूस दवाखान्यात जातो, सुई घेतो, वाफ घेतो, मोकळा होतो आणि घरी येतो. सूज तशीच राहते, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पंपाबद्दल, म्हणजे तोंडाने औषध ओढायच्या इन्हेलरबद्दल, ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ हे समज घरोघरी आहेत. मृग नक्षत्र लागताना हैदराबादला मासळीतून मिळणाऱ्या औषधासाठी लोक दूरदूरहून जातात. त्याच्या गुणाचा शास्त्रीय पुरावा नाही. पंपाच्या एका फवाऱ्यातले स्टेरॉइड (सूज कमी करणारे औषध) मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतले मिलिग्रॅममध्ये. एवढे एक वाक्य आशाताईंनी ओसरीवर बसून नीट समजावले, तर पुष्कळ भीती जाईल. नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर रुग्णाला ठेवू नये, त्यासोबत सूज कमी करणारे औषध हवेच, असे जागतिक दमा मार्गदर्शिका २०१९ पासून बजावत आहे.

पंप ओढण्याची रीतही शिकवावी लागते. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबतानाच सावकाश आत ओढायचे आणि दहा अंक मोजेपर्यंत रोखायचे. लहान मुलांना हे जमत नाही, त्यांना स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लागतो. तो नसेल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली चालते. बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून पंप घट्ट बसवायचा आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी बाटली उपयोगी ठरली होती. प्रत्येक उपकेंद्रात ती करून दाखवता येईल.

भारतात दम्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम नाही. २०१० मध्ये सुरू झालेला असंसर्गजन्य रोगांचा कार्यक्रम मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्यासाठी होता. श्वसनविकार त्यात नंतर आले. आशा कार्यकर्ती तिशीपुढच्या माणसांचा जो तपासणी तक्ता भरते, त्यात धाप, खोकला, चुलीचे इंधन आणि कामावरची धूळ यांचे प्रश्न आहेत. मुलांची नोंद राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा व अंगणवाडी तपासणीत होते. पण नाव नोंदले म्हणजे काम झाले नाही; प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात सूज उतरवणारा पंप बारमाही असला, तरच त्या तक्त्याला अर्थ आहे.

दुसरी बाजू हवेची. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या (२०१९) यादीत छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तिन्ही शहरे आहेत. खेड्यात त्रास वेगळ्या वाटेने येतो : चुलीतल्या तुराट्या-पऱ्हाट्यांचा धूर, बांधावरचे गाजरगवत, मळणी यंत्रामागे उडणारा भुसा. बार्सिलोनात १९८० च्या दशकात ठराविक दिवशी दम्याचे रुग्ण अचानक लोंढ्याने येत. शोध घेतला तेव्हा बंदरातल्या कोठारात सोयाबीन उतरवताना उडणारी धूळ कारण निघाली. कोठारावर गाळण्या बसवल्या आणि ते लोंढे थांबले. लातूरसारख्या सोयाबीनच्या बाजारपेठेत ही हकीकत आवर्जून सांगायला हवी. आडतीत चाळण्यावर उभ्या राहणाऱ्या हमालांचा विचार धोरणात यायलाच हवा.

बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न सर्वांत अवघड. दसऱ्यानंतर टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. मधले महिने कोपीतल्या (तात्पुरत्या झोपडीतल्या) चुलीजवळ आणि फडाच्या पाचटात जातात. गावच्या केंद्रातली नोंद गावातच राहते. टोळी निघण्याआधी दमेकऱ्याच्या हाती हंगामभर पुरतील एवढे पंप द्यायला हवेत. रोजचा पंप कोणता, धाप वाढल्यास काय करायचे आणि दवाखाना कधी गाठायचा, हे मराठीत लिहिलेला एक कागदही सोबत हवा. कारखान्याजवळच्या केंद्राने, मग ते कर्नाटकातले का असेना, तो कागद पाहून पुढचा पंप द्यायला हवा.