उदाहरणातलं आडनाव आलं कुठून?

व्याकरणाच्या उदाहरणात आधी आडनाव नव्हतंच, नुसतं नाव असायचं. संस्कृतात हे काम देवदत्ताकडे, पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथापासून, म्हणजे साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून तो कधी जातोय कधी शिजवतोय, आणि नंतर मीमांसा या तत्त्वज्ञानशाखेच्या लोकांनी त्याला असा लठ्ठ केला की दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ, म्हणजे रात्री जेवत असणार. जोडीला यज्ञदत्त होताच. अरबी व्याकरणात झैद अम्रला मारतो आणि ही मारामारी शेकडो वर्षं चालूच आहे, बिचाऱ्या अम्रने काय केलं होतं ते कुठल्याच व्याकरणात नाही.

घराण्याचं नाव लागतं ते कायद्यात, कारण तिथे दोन पार्ट्या हव्यात आणि खऱ्या माणसासारख्या दिसायला हव्यात. रोमन लोकांच्या दाव्याच्या नमुन्यात वादी कायम ऑलुस अगेरियुस आणि प्रतिवादी न्यूमेरियुस नेगिडियुस, दोघांचंही दुसरं नाव चक्क कुळाच्या नावासारखं, पण ऐकताना 'दावा लावणारा' आणि 'नाकारणारा' असं वाटावं म्हणून घडवलेलं. इंग्लंडात जमिनीच्या ताब्याच्या दाव्यांत जॉन डो आणि रिचर्ड रो ही खोटी माणसं खऱ्या कोर्टात उभी केली जायची, 1852 च्या कायद्याने ते नाटक बंद झालं पण डो हे आडनाव बेनाव माणसाला चिकटलं ते आजपर्यंत.

चिनीत वेगळीच युक्ती आहे, झांग सान, ली सी, वांग वू. पुढे अगदी कॉमन आडनाव आणि मागे नुसता आकडा, तीन, चार, पाच. मला ही सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण माणूस खोटा आहे हे लपवायचा प्रयत्नच नाही. बाकी ठिकाणीही कॉमन आडनावच घेतात, कारण इतके लोक तेच लावतात की कुणी अंगावर घेत नाही. इंग्रजीत स्मिथ आणि जोन्स. 1963 मध्ये एडमंड गेटियर या तत्त्वज्ञाने ज्ञान म्हणजे काय यावर तीन पानांचा लेख लिहिला, त्यात नोकरीसाठी आलेले स्मिथ आणि जोन्स आहेत, जोन्सच्या खिशात दहा नाणी, आणि तेव्हापासून तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी त्याच दोघांवर डोकं फोडतायत.

आता नुसत्या आडनावात बाई की पुरुष कळत नाही, तरी स्मिथ म्हटलं की पुढच्या वाक्यात सर्वनाम पुरुषाचंच येतं, कारण कॉलेज-ऑफिसात पुरुषांना नुसत्या आडनावाने हाक मारायची पद्धत होती आणि बायकांच्या आडनावाआधी मिस नाहीतर मिसेस लागायचंच. उदाहरण लिहिणाऱ्याने मुद्दाम काही केलेलं नसतं, कानाला सवय असते एवढंच. 1997 मध्ये मोनिका मॅकॉले आणि कॉलीन ब्राइस या भाषाशास्त्रज्ञांनी वाक्यरचनेच्या पाठ्यपुस्तकांतली उदाहरणं तपासली तेव्हा वाक्यात काहीतरी करणारे बहुतेक पुरुषच निघाले, बायका कमी आणि त्याही ठराविक साच्यातल्या.

मराठीत मात्र, निदान भूतकाळात, ही सोय नाही. 'पाटील आले' की 'पाटील आल्या' हे क्रियापद लगेच सांगून टाकतं, वर 'पाटील आला' लिहिलंत तर मान किती दिला तेही कळतं, म्हणजे उदाहरण लिहिणाऱ्याला आडनावाआड लपता येत नाही, आधी ठरवावं लागतं की हे पाटील कोण. आणि तरी बहुतेक जण 'आले'च लिहितात.