विठ्ठल (पुरुषनाम)

विठ्ठल : पंढरपूरच्या देवतेवरून रूढ झालेले पुरुषनाम. महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटक व गुजरातेतही ते आढळते. नावाचा अर्थ व्युत्पत्ती कोणती धरावी यावर अवलंबून आहे आणि तीबद्दल एकमत नाही.

‘विटेवर उभा तो विठ्ठल’ ही सर्वपरिचित फोड. ती भाविकाला पुरते, पण ध्वनीच्या अंगाने अडते. ‘वीट’ हा शब्द संस्कृत ‘इष्टका’वरून आला. त्यातला ‘व’ मुळातला नाही. कन्नडमध्ये तर विटेला ‘इट्टिगे’ म्हणतात. तरीही तिथे देवाच्या नावात ‘व’ आहेच. ‘धर्मसिंधु’ या धर्मशास्त्रग्रंथाचे कर्ते काशीनाथ उपाध्याय ‘विद्’ (ज्ञान), ‘ठ’ (शून्य), ‘ल’ (स्वीकारणारा) अशी फोड करून ‘ज्ञानशून्यांना जवळ करणारा’ असा अर्थ देतात. अर्थ गोड आहे, पण हे भाष्य झाले, व्युत्पत्ती नव्हे.

रा. गो. भांडारकरांच्या मते हे ‘विष्णु’ या शब्दाचे कन्नड वळणाचे रूप होय. होयसळ राजा विष्णुवर्धन (कारकीर्द सुमारे ११०८–५२) याचे ‘बिट्टिदेव’ हे नाव याला बळकटी देते, ‘कृष्ण’चे ‘किट्ट’ होते तेही याच चालीने. अडचण एकच : ‘बिट्टि’त ‘ट’ आहे, तर विठ्ठलात ‘ठ’. वि. का. राजवाडे ‘विष्ठल’ (वि + स्थल, दूरचे, रानातले ठिकाण) हे मूळ सुचवतात. ते रूप व्याकरणकार पाणिनीला (अष्टाध्यायी ८.३.९६) ठाऊक आहे आणि ज्येष्ठ–जेट्ठ याप्रमाणे प्राकृतात ‘ष्ठ’चा ‘ट्ठ’ नियमाने होतो. मात्र स्थलवाचक शब्द देवाचे नाव कसा झाला, हे त्यातून उलगडत नाही. ‘ठ’चा प्रश्न उरला तरी विष्णुपक्षच अधिक ग्राह्य वाटतो.

ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत; म्हणजे व्यक्तिनाम म्हणून वापर निदान तेराव्या शतकापासूनचा. गुजरातेत वल्लभाचार्यांचे पुत्र विठ्ठलनाथ यांच्यामुळे पुष्टिमार्गीयांत (वल्लभाचार्यांच्या कृष्णभक्तिपंथात) ते रुजले. विठ्ठल रामजी शिंदे आणि विठ्ठलभाई पटेल या दोघांचाही जन्म १८७३ सालचा.

लेखन : संस्कृत रीतीने ‘विट्ठल’, मराठीत ‘विठ्ठल’, कन्नडमध्ये बहुधा एकेरी ‘विठल’. रोमन लिपीत कुणी एक ‘टी’ लिहितो, कुणी दोन. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांत हा फरक राहिला की पुढे पासपोर्टच्या वेळी खुलासा द्यावा लागतो.

सामान्यरूप विठ्ठला– (विठ्ठलाचा, विठ्ठलाला). ‘विठोबा’त ज्ञानोबा, तुकोबा यांतलाच आदरार्थी ‘बा’. घरात विठू, सवंगड्यांत विठ्या. स्त्रीनाम विठा किंवा विठाबाई.