चिठ्ठीवर ‘व्हर्टिगो’ लिहून आलंय? आधी हे वाचा
(कान व तोल तपासणीसाठी आमच्याकडे येणाऱ्यांना, नागपूर)

धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : “मले व्हर्टिगो झाला म्हणतात, बरा होते का जी?”

व्हर्टिगो हे आजाराचं नाव नाही. तापासारखं ते लक्षण आहे. कारण वेगळं शोधावं लागतं. शब्द मूळचा लॅटिन. ‘वेर्तेरे’ म्हणजे वळणं, फिरवणं. त्यावरून ‘वेर्तिगो’, म्हणजे गरगर फिरणं. आपल्याकडे “डोकं घुमून राहिलं” म्हणतात, तेच. याच धातूचा ‘वेर्तेक्स’ म्हणजे पाण्यातला भोवरा आणि डोक्याचा माथाही, जिथे केस गोल फिरलेले असतात. मराठीत त्या केसांनाही भोवराच म्हणतात! माथ्यावरून पुढे ‘व्हर्टिकल’ आला, सरळ उभा. म्हणजे ताठ उभं राहणं आणि गरगरून पडणं एकाच घरचे. संस्कृतातला ‘वृत्’ धातूही याच कुळातला. आपलं वर्तुळ आणि आवर्तन त्यातूनच आलं.

‘व्हर्टिब्रा’, म्हणजे मणका, हाही याच घरातला, कारण त्यावर शरीर वळतं. पण म्हणून प्रत्येक चक्कर मानेच्या मणक्यातून येते असं नाही. तपासणी न करताच मानेला पट्टा बांधून फिरणारे आम्ही पुष्कळ पाहतो. उंचीची भीती म्हणजेही व्हर्टिगो नव्हे.

चिठ्ठीवर कधी ‘गिडीनेस’, म्हणजे चक्कर, असंही लिहिलेलं असतं. जुन्या इंग्रजीत ‘गिडी’ म्हणजे वेडा, अंगात आलेला. आपल्याकडे अंगात आलेली बाईसुद्धा घुमतेच की!

हे शब्दपुराण अशासाठी, की तुमच्या शब्दावर पुढची तपासणी ठरते. “चक्कर येते” एवढ्याने आम्हाला काही कळत नाही. घर फिरतं का? की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते? मे महिन्याच्या उन्हात इतवारीत हिंडून अंधारी आली, तर बहुधा पाणी कमी पडलं असतं किंवा रक्तदाब उतरलेला असतो. तिथे कानाची तपासणी कशाला? चालताना नुसता तोल जातो, ही आणखी तिसरी गोष्ट.

कूस बदलताच घर गरगरतं आणि मिनिटभराच्या आत थांबतं, असं असेल तर नीट सांगा. कानाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागा सोडून तिथल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांपैकी एकीत शिरले, की डोकं हलल्यावर मेंदूला फिरल्याचा खोटा निरोप जातो. यासाठी 1952 पासून वापरात असलेली डिक्स-हॉलपाईक तपासणी करतात : मान वळवून झटकन आडवं निजवायचं आणि बुबुळं कशी थरथरतात ते पाहायचं. तेवढ्यापुरती चक्कर येईल. पुढे डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने फिरवून कण जागेवर नेतात. पुष्कळांना एक-दोन वेळांत आराम पडतो.

येताना सोबत कोणीतरी आणा, स्वतः गाडी चालवू नका. पोटभर जेवून येऊ नका. चक्करीची गोळी सुरू असेल तर तपासणीच्या दिवशी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारा.

चकरेबरोबर बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले किंवा एकाएकी डोकं भयंकर दुखू लागलं, तर आमच्याकडे येऊ नका. थेट मोठ्या दवाखान्यात जा, त्याच क्षणी.