पासवर्डचं हॅशिंग वेगळं, टोकनचं वेगळं

डेटाबेसमध्ये काहीही गुपित ठेवायचं म्हटलं की बरेच जण डोळे झाकून बीक्रिप्ट नावाचं हॅशिंग (मूळ मजकुराचा उलट न फिरवता येणारा ठसा काढणं) लावतात, पासवर्डला पण तेच आणि टोकनला (लॉगिननंतर ओळख पटवायला दिलेली लांब स्ट्रिंग) पण तेच. पासवर्डसाठी ते बरोबरच आहे. माणूस पासवर्ड ठेवणार म्हणजे नाव, जन्मसाल, फार तर पुढे एक ॲट, त्यामुळे डेटाबेस लीक झाला की चोर अंदाज लावत बसतो, आणि त्याच्या प्रत्येक अंदाजाला वेळ लागावा म्हणूनच बीक्रिप्ट मुद्दाम स्लो बनवलंय, त्याचं कॉस्ट हे सेटिंग एकने वाढवलं की काम दुप्पट.

टोकन माणूस ठरवत नाही, आपला कोड बनवतो. सिक्युअर रँडममधून ३२ बाइट घेतले की २५६ बिट झाले, ते अंदाजाने कोणाला सापडणारच नाहीत, मग हॅश कितीही फास्ट असू दे. साधं शा-२५६ हे फास्ट हॅश पुरतं, सॉल्टसुद्धा (हॅश करण्याआधी मिसळलेला रँडम मजकूर) नको. पीएचपीच्या लॅराव्हेल फ्रेमवर्कचं सँक्टम हे टोकनचं पॅकेज हेच करतं. शिवाय आलेलं टोकन हॅश करून इंडेक्सवर थेट रो शोधता येते, बीक्रिप्टमध्ये दर वेळी सॉल्ट वेगळा असल्याने हे जमतच नाही.

पण बीक्रिप्ट लावलं की खरी गोची रिफ्रेश टोकनला होते, म्हणजे पुन्हा लॉगिन न करता नवं टोकन मिळवून देणाऱ्या टोकनला. बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं, आणि बऱ्याच लायब्रऱ्या पुढचं गुपचूप सोडून देतात. आता रिफ्रेश टोकन म्हणून जेडब्ल्यूटी (हेडर, पेलोड म्हणजे आतली माहिती, आणि सही टिंबांनी जोडलेलं टोकन) घ्या, एचएस२५६ या सहीच्या पद्धतीचा नेहमीचा हेडर आणि टिंब मिळून ३७ अक्षरं तिथेच गेली, उरलेल्या ३५ मध्ये, बेस६४ एन्कोडिंगने मजकूर लांबतो म्हणून, पेलोडची जेमतेम २६ अक्षरं बसतात, म्हणजे बऱ्याचदा युजर आयडी आणि ईमेलची सुरुवात. वेळ आणि सही त्याच्या पुढे. म्हणजे त्याच युजरचं जुनं, रद्द केलेलं टोकनही नव्या हॅशशी मॅच होतं! जुनं टोकन मुदतीत असेल तर सहीसुद्धा बरोबर निघते, एरर नाही, टेस्ट पास, आणि रोटेशनचा, म्हणजे जुनं टोकन रद्द करून नवं देण्याचा, काही उपयोगच राहत नाही. हे शा-२५६ ला होत नाही कारण ते शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं घेतं.

कोडमध्ये हॅश जुळवताना साधं डबल इक्वल नको, तुलनेला लागलेल्या वेळेवरून चोराला सुगावा लागू शकतो, पीएचपीत हॅश_इक्वल्स आहे, नोडमध्ये टायमिंगसेफइक्वल, ते वापरा.

सहा आकडी ओटीपीला मात्र साधं शा-२५६ लावू नका, तिथे एकूण शक्यताच १० लाख, शा-२५६ ला त्या चुटकीसरशी होतात. त्याला एचमॅक (गुप्त की मिसळून केलेलं हॅश) लावा, ती गुप्त की डेटाबेसच्या बाहेर ठेवा, मुदत काही मिनिटांची आणि चार-पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर ओटीपी बाद.