शब्दांआधी चाल : जपानी आरपीजींचे अरेंज आणि गायन अल्बम

२ एप्रिल १९९४ रोजी जपानमध्ये 'फायनल फँटसी ६' हा आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गोष्टीरूप व्हिडिओ गेम, बाजारात आला. खेळ बराच पुढे गेल्यावर त्यात एक ऑपेरा येतो. सेलेस ही एकेकाळची सेनापती मारिया नावाच्या गायिकेचा वेश घेऊन रंगमंचावर उभी राहते, कारण मारियाला पळवून न्यायला येणाऱ्या सेट्झरचं उडतं जहाज तिच्या सोबत्यांना हवं असतं. गाण्याचे शब्द पडद्यावर अक्षरांत उमटतात. ते खेळणाऱ्याने आधी संहितेत वाचून लक्षात ठेवायचे आणि ऐनवेळी बरोबर ओळ निवडायची. चुकली की प्रयोग फसतो. हे सगळं चालू असताना टीव्हीतून जो आवाज येतो, तो कुणाच्याच गळ्याचा नसतो. 'आ' आणि 'ओ' यांच्या मधला, किंचित कापरा, यंत्राने घडवलेला एक स्वर चाल म्हणत राहतो. शब्द डोळ्यांनी वाचायचे, चाल कानांनी ऐकायची, आणि दोन्हींची गाठ आपली आपण मारायची.

त्याच वर्षी मे महिन्यात 'ग्रँड फिनाले' हा अल्बम आला. शिरो सागिसु आणि त्सुनेयोशी साइतो यांनी खेळातलं संगीत वाद्यवृंदासाठी बांधलं, मिलानच्या वादकांनी ते वाजवलं, आणि ऑपेरातली ती चाल स्वेत्ला क्रास्तेवा या गायिकेने इटालियन शब्दांत गायली. यंत्रातल्या त्या कापऱ्या स्वरानंतर हा गळा पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, तो आजही.

जपानमध्ये अशा अल्बमांना 'अरेंज अल्बम' म्हणतात. खेळात वाजतं ते जसंच्या तसं देणारा तो मूळ साउंडट्रॅक. त्याच चाली घेऊन वेगळ्या वाद्यांवर, वेगळ्या अंगाने केलेली बांधणी म्हणजे अरेंज. आणि त्या चालींवर शब्द बसवून गाऊन घेतलेला तो व्होकल, म्हणजे गायन अल्बम. पुष्कळ लोक यांना खेळाच्या नावावर विकलेली जोडवस्तू समजतात. माझं मत वेगळं आहे. निदान पहिली दहा-बारा वर्षं तरी संगीतकाराच्या डोक्यात जे वाजत होतं ते लोकांपर्यंत पोहोचायची हीच एक वाट होती.

ते का, हे यंत्राकडे पाहिल्यावर कळतं. निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्राकडे आवाजाचे पाच चॅनेल होते: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक ध्वनीचे छोटे तुकडे वाजवणारा. नव्वदीत आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे 'कॅसेटवाले' व्हिडिओ गेम घरोघरी होते, ते याच फॅमिकॉमच्या नकला. त्यामुळे मारिओ आणि काँट्राचा तो पीपी करणारा आवाज ज्यांच्या कानात बसला आहे, त्यांना फॅमिकॉम कसा वाजतो हे वेगळं सांगायला नको. आरपीजी मात्र त्या कॅसेटांतून आपल्यापर्यंत फारशा आल्याच नाहीत. त्या मजकुरावर चालणाऱ्या, चाळीस-पन्नास तास खेळायच्या गोष्टी. एकच चाल गावात, रानात, लढाईत शेकडो वेळा ऐकावी लागायची. म्हणजे चाल अशी हवी की शंभराव्यांदाही नकोशी होऊ नये, आणि ती वाजवायला हाताशी जेमतेम तीन सूर.

खेळांच्या संगीताचा स्वतंत्र अल्बम निघू शकतो हे १९८४ मध्येच दिसलं होतं. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी बँडच्या हारुओमी होसोनोने नामको कंपनीच्या आर्केड खेळांचं संगीत घेऊन 'व्हिडिओ गेम म्युझिक' नावाची तबकडी काढली होती. पण आरपीजीचा धागा सुरू होतो कोइची सुगियामांपासून. ते फुजी टीव्हीत दिग्दर्शक होते, पुढे पॉप गाणी आणि जाहिरातींचे नावाजलेले संगीतकार झाले. एनिक्स कंपनीच्या शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, एका संगणक-खेळाबद्दल त्यांनी डब्यातलं अभिप्रायाचं कार्ड भरून पाठवलं. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव कार्डावर पाहून कंपनीतल्या लोकांना नवल वाटलं, आणि त्यातून २७ मे १९८६ ला आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'चं काम त्यांच्याकडे आलं. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते.

सुगियामांचा पिंड पाश्चात्य अभिजात संगीताचा. किल्ल्यात राजासमोर उभं राहिल्यावर जी चाल वाजते ती ऐका: दोन सूर एकमेकांचा पाठलाग करतात, सरळसरळ बरोक काळातल्या तंतुवाद्यांसारखे. फॅमिकॉमवर तो नुसता सांगाडा आहे. पण सांगाडा इतका नेटका, की वर व्हायोलिन चढवायला काही तोडावंच लागत नाही. त्याच वर्षी तंतुवाद्यांवरचा 'ड्रॅगन क्वेस्ट' अल्बम निघाला, आणि २० ऑगस्ट १९८७ रोजी टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये पहिल्या दोन खेळांच्या संगीताची मैफल झाली. खेळाच्या संगीताची तिकीट लावून झालेली, वाद्यवृंदाची ही पहिली मैफल मानली जाते. पुढच्या भागांचं संगीत एनएचके सिम्फनी ऑर्केस्ट्राने आणि नंतर लंडन फिलहार्मोनिकने वाजवलं. सुगियामांनी शेवटपर्यंत ही दोन रूपं जोडीने सांभाळली, एक यंत्रासाठी आणि एक वाद्यवृंदासाठी. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते त्यांच्याच 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या सुरावटीने. दोन महिन्यांनी ते गेले.

गाण्यांकडे वळायचं तर १९८९ चा 'मदर' मला सगळ्यांत जवळचा. हा खेळ लिहिला शिगेसातो इतोई यांनी. ते मूळचे जाहिरातींचे लेखक, गीतंही लिहिणारे. संगीत दिलं मूनरायडर्स या बँडच्या केइची सुझुकींनी आणि निन्टेंडोच्या हिरोकाझु तानाकांनी. खेळात मुलगा एकटा चालत असतो तेव्हा एक चाल वाजते. सोबती मिळाला की चाल बदलते, तिच्यात उडी येते. हे बारीक काम आहे आणि खेळताना ते न सांगता कळतं. खेळ जुलैत आला, अल्बम ऑगस्टमध्ये, आणि त्यात फॅमिकॉमचा मूळ आवाज जवळजवळ नाहीच, शेवटची एक लांब पट्टी (ट्रॅक) सोडली तर. बाकी बहुतेक इंग्रजी गाणी. एकटं चालण्याची चाल 'पॉलिअ‍ॅना' नावाचं गाणं झाली आणि सोबत्याची 'बीइन फ्रेंड्स'. खेळभर तुकड्यातुकड्याने गोळा करत न्यायची आठ सुरावटींची चाल सेंट पॉल कॅथीड्रलच्या मुलांच्या गायकवृंदाने गायली. जी चाल जुळवायला खेळणाऱ्याने आठवडे घालवले, ती सलग, कोवळ्या मुलांच्या गळ्यातून ऐकायची! गायन अल्बम कशासाठी असतो, असं कुणी विचारलं तर मी ही एक पट्टी ऐकवतो.

निहोन फाल्कॉम या टोकियोजवळच्या ताचिकावातल्या कंपनीची वाट जरा निराळी. तिचे खेळ घरगुती संगणकांवर चालायचे, आणि युझो कोशिरो व मिएको इशिकावा यांनी दिलेलं 'ईस' या खेळाचं संगीत मुळातच रॉकच्या अंगाचं होतं. १९८९ मध्ये 'ईस'चे पहिले दोन भाग पीसी इंजिन या घरगुती खेळयंत्राच्या सीडीवर आले तेव्हा र्यो योनेमित्सु यांची अरेंज केलेली, खऱ्या गिटारचा बाज असलेली बांधणी थेट खेळातच वाजू लागली. फाल्कॉमने गायन अल्बमही नेमाने काढले, बहुतेक त्या काळच्या जपानी पॉपच्या वळणाचे.

'फायनल फँटसी'चे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांच्याकडे मात्र थांबायलाच हवं. संगीताचं रीतसर शिक्षण नाही, गाण्यांच्या तबकड्या भाड्याने देणाऱ्या दुकानात नोकरी, तिथून स्क्वेअर कंपनीत. 'फायनल फँटसी'चा पहिला भाग १९८७ चा. २० मे १९८९ रोजी टोकियोच्या गोतांदा भागात त्याच्या पहिल्या दोन भागांची सिम्फनी मैफल झाली. बांधणी कात्सुहिसा आणि ताकायुकी हात्तोरी या बापलेकांची. इथवर सुगियामांच्याच पावलांवर पाऊल होतं. खरी फारकत झाली १९९१ मध्ये. 'फायनल फँटसी ४'चं संगीत त्यांनी आयर्लंडला नेलं आणि मॉइरा ब्रानाख या फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवणाऱ्या बाईंकडून ते आयरिश लोकवाद्यांवर बांधून घेतलं. अल्बमाचं नाव 'केल्टिक मून'.

त्यातली 'प्रेमाची धून' घ्या. फॅमिकॉमनंतर आलेल्या सुपर फॅमिकॉमकडे आठ चॅनेल आणि आवाजासाठी ६४ किलोबाइट जागा. तेवढ्यात बसवलेलं हे संगीत सुंदर आहे, पण प्रत्येक सूर ठरल्या मापाने येतो आणि ठरल्या मापाने विरतो. फिडलवर तोच सूर घसरत येतो, जरा रेंगाळतो, शेजारच्या सुराला हात लावून परततो. चाल तीच, पण तिच्यात बोटं आली. दुसऱ्याच वर्षी ती नुसत्या पियानोवर वाजली, 'पियानो कलेक्शन्स' या मालिकेत, आणि सोबत निघालेल्या स्वरलिपीच्या पुस्तकांमुळे घरोघरचे विद्यार्थीही वाजवू लागले. शब्द मिळायला मात्र २००७ उजाडलं: निन्टेंडो डीएसवर खेळाची नवी आवृत्ती आली तेव्हा याच धुनेवर मेगुमी इदाने 'त्सुकी नो आकारी', म्हणजे 'चांदणं', हे गाणं गायलं. सोळा वर्षं लोकांनी ती चाल बिनशब्दांची गुणगुणली होती.

आपल्याकडे शब्दांना चाल लावणं वेगळं आणि चालीवर शब्द बसवणं वेगळं, हे गाणारा-लिहिणारा प्रत्येक माणूस जाणतो. दुसरं काम अवघड. मात्रा आधीच ठरलेल्या, न्यास, म्हणजे सूर थांबायच्या जागा, ठरलेले, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्या चालीचा अर्थही ठरलेला. खेळाच्या गायन अल्बमात ही अडचण दुप्पट होते, कारण प्रत्येकाने ती चाल स्वतःच्या प्रवासात ऐकलेली असते. १९९४ च्या 'प्रे' या 'फायनल फँटसी'च्या पहिल्या गायन अल्बमात रिसा ओकी यांचा आवाज आहे, आणि गाण्यांना जपानीबरोबर पोर्तुगीज, फ्रेंच शीर्षकंही आहेत. मला ती युक्ती फार शहाणपणाची वाटते. भाषा कळली नाही की शब्द आपल्या आठवणीवर चढून बसत नाहीत. गळ्याची ऊब तेवढी मिळते. १९९५ मध्ये दुसरा भाग आला, 'लव्ह विल ग्रो'.

त्या पाच-सहा वर्षांत स्क्वेअरच्या संगीतकारांनी केलेली धाडसं पाहिली की हेवा वाटतो. 'सीक्रेट ऑफ माना'च्या हिरोकी किकुतांनी १९९३ मध्ये एकच पट्टी असलेला अल्बम काढला, सलग ४९ मिनिटांची. 'क्रोनो ट्रिगर'ची १९९५ मध्ये अ‍ॅसिड जॅझ झाली. त्याच खेळाच्या यासुनोरी मित्सुदांनी १९९८ मध्ये 'झेनोगियर्स'चं संगीत 'क्रीड' या अल्बमात पुन्हा आयरिश वळणावर नेलं. खुद्द खेळाच्या शेवटचं गाणं तर जोआन हॉग या उत्तर आयर्लंडच्या गायिकेने गायलं होतं.

पण तोवर प्लेस्टेशन आला होता, आणि गाणं खेळातच मावू लागलं होतं. १९९७ च्या 'फायनल फँटसी ७'मध्ये शेवटच्या लढाईला खरा गायकवृंद लॅटिनमध्ये गातो. १९९९ मध्ये आठव्या भागासाठी हाँगकाँगची फे वाँग 'आइज ऑन मी' गायली आणि जपान गोल्ड डिस्क पुरस्कारांत परदेशी गाण्यांच्या विभागात ते वर्षाचं गाणं ठरलं. दहाव्या भागासाठी, २००१ मध्ये, आमामी बेटांवरची लोकगीतं गाणारी रिक्की आली. यंत्राची उणीव भरून काढणं हे अरेंज अल्बमाचं मूळ काम संपलं. त्याला दुसरं काम शोधावं लागलं, आणि ते त्याने शोधलं. २००३ मध्ये उएमात्सु यांच्या लढायांच्या चाली घेऊन 'द ब्लॅक मेजेस' या रॉक बँडचा पहिला अल्बम निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लाइपझिगच्या गेवांटहाउसमध्ये खेळांच्या संगीताची जपानबाहेरची पहिली सिम्फनी मैफल झाली, आणि २००७ मध्ये स्टॉकहोममधून 'डिस्टंट वर्ल्ड्स' हा 'फायनल फँटसी'चा फिरता कार्यक्रम सुरू झाला.

वाईटही घडलं. स्क्वेअरचे अल्बम काढणारी डिजिक्यूब ही कंपनी नोव्हेंबर २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि अनेक अल्बम एकदम बाजारातून नाहीसे झाले. जपानबाहेरच्या कितीतरी चाहत्यांच्या कपाटात त्या काळी तैवानमधल्या नकली प्रती होत्या, कारण अस्सल प्रत मिळायची सोयच नव्हती. पुढच्या वर्षी काही अल्बम पुन्हा निघाले.

२०१० च्या 'नीअर' या खेळाने गायनाचा प्रश्न मुळापासूनच वेगळा सोडवला. केइची ओकाबे यांच्या चालींवर एमी एव्हान्सने स्वतः रचलेल्या काल्पनिक भाषांत गायलं: आजच्या भाषा दूरच्या भविष्यात कशा झिजतील, याची कल्पना करून. 'प्रे'मध्ये जे अर्धवट साधलं होतं ते इथे पूर्ण झालं. शब्द आहेत, गळा आहे, आणि अर्थ प्रत्येकाचा आपापला.

सेलेसलाही अखेर गळा मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फायनल फँटसी ६'ची 'पिक्सेल रीमास्टर' आवृत्ती आली, तेव्हा तो ऑपेरा सात भाषांत गाऊन घेतला होता, इटालियन धरून. सगळं संगीत उएमात्सु यांच्या देखरेखीखाली नव्याने बांधलं होतं. मग एप्रिल २०२३ मध्ये प्लेस्टेशन आणि निन्टेंडो स्विचसाठी आवृत्ती काढताना सेटिंगमध्ये एक पर्याय वाढवला: नवं बांधलेलं संगीत हवं, की १९९४ मधलं मूळ.