रोल-प्लेइंग खेळांतील अलाइनमेंट व क्लास : दोष

रोल-प्लेइंग खेळात (ज्यात खेळाडू काल्पनिक पात्राची भूमिका वठवतो) पात्राची नीतिवृत्ती सांगणारा शिक्का म्हणजे अलाइनमेंट, तर त्याचा पेशा ठरवणारा साचा म्हणजे क्लास. दोन्ही गोष्टी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळामुळे रूढ झाल्या. सुरुवातीला लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (अराजक) या तीनच बाजू होत्या. कोण कोणाच्या गोटातला, एवढेच मुख्यतः त्यांवरून कळे. पुढे चांगल्या-वाईटाची जोड मिळाली, १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ या नियमपुस्तकात दोन्हींच्या मिळून नऊ चौकटी झाल्या आणि गोटाचा स्वभाव बनला. वादाचे मूळ इथे आहे.

पॅलाडिन, म्हणजे धर्मनिष्ठ योद्ध्याचा क्लास, हे त्याचे ठळक उदाहरण. तो ‘लॉफुल गुड’च (सुव्यवस्था मानणारा आणि सज्जन) असावा लागे, जाणूनबुजून एक दुष्कृत्य केले, की त्याचे पॅलाडिनपण कायमचे जाई. समजा, एखादा गॉब्लिन (खेळातला खुजा, दुष्ट राक्षस) शस्त्र टाकून शरण आला. मारला तर पाप, सोडला तर तो टोळीला खबर देणार. प्रसंग खरे तर रंगायला हवा. पण पॅलाडिनचे भवितव्य खेळ चालवणाऱ्याच्या मतावर लटकते आणि गॉब्लिन बाजूला राहून नियमाचाच कीस पडतो. उलट टोकाला ‘मी केऑटिक न्यूट्रल आहे’ म्हणत सोबत्यांचे खिसे कापणारा खेळाडू असतो. त्याला शिक्क्याची आयती सबब मिळते.

क्लासचा दोष अधिक छुपा आहे. १९७५मध्ये चोर हा क्लास आला आणि लपणे, भिंत चढणे ही त्याची खास कामे ठरली. तोवर कोणीही लपून बघे. आता बाकीच्यांना ते जमत नाही असे धरले जाऊ लागले. गंमत अशी, की १९७८च्या नियमांत नवख्या चोराला सावलीत लपणे मुळात १० टक्केच साधे. त्याच नियमांतला नवखा जादूगार दिवसाला एकच मंत्र टाकू शके. वरच्या पातळीला मात्र तो एकटा लढाई फिरवतो आणि लढवय्या तलवारीचे घाव मोजत राहतो.

‘ट्रॅव्हलर’ (१९७७) आणि ‘रुनक्वेस्ट’ (१९७८) या खेळांनी क्लास टाळून कौशल्यांवर भर दिला. ‘पाथफाइंडर’ या खेळाने २०२३च्या सुधारित नियमांत अलाइनमेंट काढून टाकली. क्लास मात्र तिथेही टिकून आहे, कारण नवख्याला तो लगेच कळतो. साच्याविना पात्र घडवायला वेळ लागतो. मूळ ‘ट्रॅव्हलर’मध्ये तर ते घडता घडताच मरू शके.